सहावी अट

आमच्या शर्यतीत पहिला नंबर नसतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, मग धावता कशाला? मी सीताबर्डीतल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं खेळ शिकवते आहे. पोरींच्या छातीवर पहिला, दुसरा, तिसरा असे बिल्ले लावण्यातच माझी उमर गेली, त्यामुळे सुरुवातीला हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर मात्र मी काढलं नाही. ते कांताबाईनं काढलं.

कांताबाई म्हणजे आमच्या समोरच्या घरातली. कोराडीच्या रस्त्याला लागून आमची वस्ती आहे, आणि तिचं दार उघडलं की थेट माझ्या दारात नजर येते. नवऱ्यामागे तिनं कोळशाच्या यार्डात ठेकेदाराच्या हाताखाली वीस वर्षं काढली आणि अश्विनला, एकुलत्या एका पोराला, वाढवलं. रमाईच्या जयंतीला, सात फेब्रुवारीला, बायकांनी साड्या नेसून धावायचं ही कल्पना तिचीच. विहारापासून तलावाच्या वळणापर्यंत आणि परत, पाच किलोमीटर. पहिल्या वर्षी एका दुकानदारानं बक्षीस म्हणून मिक्सर ठेवला, आणि त्या मिक्सरवरून दोन सख्ख्या जावांची अशी जुंपली की विहारासमोर त्यांनी एकमेकींच्या वेण्या धरल्या. कांताबाईनं मिक्सर उचलला, दुकानात नेऊन ठेवला आणि परत येऊन सगळ्यांना सुनावलं.

"रमाईच्या नावानं धावून राहिलो ना आपण? मंग एक पुढे अन् बाकीच्या मांगे, असं काहून? फीत बांधून ठेवा. ज्या आल्या त्यायनं थांबाचं. शेवटची आली का सगळ्याजणीनं मिळून ओलांडाची."

तेव्हापासून तोच नियम. आधी पोचलेल्या फितीपाशी थांबतात, गाणी म्हणतात, टाळ्या वाजवतात. सगळ्यात शेवटी येणारीचा जो थाट होतो तो नवरीचासुद्धा होत नाही. मी या सगळ्यात शिट्टीवाली. चुन्याच्या रेषा माझ्या, रांगा माझ्या, आरडाओरडा माझा. रेषेबाहेर अंगठा गेला म्हणून मी स्वतःच्या नणंदेला मागे पाठवलेलं आहे. वस्तीत मला मॅडम म्हणतात आणि जरा बिचकूनच राहतात. ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू?

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत आम्ही ठरवून टाकलं होतं की करोना गेला. तो गेला नव्हता. आम्ही ठरवलं होतं. आकडे उतरले होते, दवाखान्यातल्या लोकांना लस टोचणं सुरू झालं होतं, लग्नं लागत होती, बस भरून जात होत्या. वर्षभर घरात कोंडलेल्या बायका रोज विचारायच्या, "मॅडम, औंदा दौड हाये ना?" मी परवानगीसाठी ठाण्यात चकरा मारल्या. दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा कागद मिळाला. त्यावर सात अटी होत्या.

तो कागद मी बसमध्ये उभ्यानं वाचला. वीस-वीसच्या तुकड्या दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं सोडायच्या, प्रत्येकीचा ताप मोजायचा, धावणं सुरू होईपर्यंत मास्क, उभं राहायला आखलेल्या जागा, हात धुवायची सोय. या पाच अटी मी डोळे मिटून पाळल्या असत्या. सहावी अशी होती: शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येक महिलेने अंतिम रेषेवर न थांबता तात्काळ घरी जावे, कोणत्याही बंदिस्त जागेत जमाव करू नये. सातवी जबाबदारीची. काही झालं तर आयोजक बघतील, म्हणजे मी.

सहावी मी तीनदा वाचली. त्या एका वाक्यात आमची अख्खी शर्यत कापून टाकली होती. मी वस्तीत जाऊन हे सांगितलं असतं तर बायकांनी विचारलं असतं, मग शेवटच्या बाईसाठी कोण थांबणार? आणि न थांबता आपापल्या घरी निघून जायचं असेल तर रोज पाण्याला जातो तेवढंच की. मला त्यांचे चेहरे पाडायचे नव्हते. वर्षभर पडलेलेच होते ते. बाकीच्या अटी इतक्या कडक पाळू की सहावीकडे कोणाचं लक्षच जाणार नाही, असं मी ठरवलं, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. घरी आल्यावर फक्त म्हणाले, "मिळाली परवानगी." कोणी अटी विचारल्या नाहीत. मॅडमनं पाहिलं म्हणजे झालं.

त्या वर्षी कांताबाई धावायला तयारच नव्हती. दिवाळीपासून तिचा गुडघा सुजलेला होता. "मी खुर्चीवर बसून पाहीन ना वं," म्हणाली. मीच मागे लागले. पेपरवाला फोटो काढायला येणार होता आणि जिनं हे सुरू केलं ती खुर्चीत बसलेली मला चालणार नव्हती. तिची सून मिनल माझ्या बाजूनं उभी राहिली. "चला ना आई, हळूहळू या. मी थांबते ना तुमच्यासाठी."

मिनल सीताबर्डीला कपड्याच्या दुकानात होती, सकाळी आम्ही एकाच बसनं जायचो. एकोणतीस वर्षांची, काटकुळी, आणि पळायला अशी की मी मनातल्या मनात हळहळायचे, ही मला बाराव्या वर्षी का नाही सापडली म्हणून. तिची संबोधी चार वर्षांची. ती पोरगी आजीच्या कडेवरून उतरायची फक्त जेवायला, आणि तेही आजीच्याच ताटात.

शर्यतीच्या दिवशी मी पहाटेपासून चुना घेऊन वाकलेली होते. एकशे तीस बायका, एकशे तीस गोल. कपाळावर यंत्र धरून एकेकीचा ताप मोजला. सरितानं दुसऱ्या गोलात पाय टाकला म्हणून तिला सगळ्यांदेखत झापलं. पाहणीला आलेले दोन शिपाई खूश होऊन चहा पिऊन गेले. फोटोवाला म्हणाला, मॅडम, अशी शिस्त शहरातसुद्धा नाही. मी मान ताठ करून उभी राहिले. सात वाजता पहिली तुकडी सोडली, आठ वाजता सातवी. सातवीत म्हाताऱ्या होत्या, आणि त्यांच्यात कांताबाई.

सुरुवातीकडे इतकं पाहिलं की शेवटाकडे पाहायला भानच उरलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. ते खोटं आहे. शेवट काय होणार हे मला माहीत होतं. मी दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं सोडलेल्या सातही तुकड्या फितीपाशी येऊन एक झाल्या. साडेसातलाच मिनल पोचली होती, तिच्यामागून बाकीच्या येत गेल्या आणि थांबत गेल्या. साडेआठला वारा फिरला. वारा वीज केंद्राच्या बाजूनं आला की आमच्याकडे राख येते, बारीक, डोळ्यांत जाणारी. बायकांनी धुतलेल्या पांढऱ्या साड्या नेसलेल्या. त्या हसत-ओरडत शेजारच्या समाजभवनात शिरल्या आणि आम्ही राख आल्यावर जे नेहमी करतो ते केलं. खिडक्या लावून घेतल्या.

समाजभवन म्हणजे टिनाच्या छपराची एक लांबट खोली. शंभरावर बायका, धापा टाकणाऱ्या, घामानं निथळणाऱ्या. मास्क कोणाच्या हनुवटीखाली, कोणाच्या कमरेला खोचलेले. माझी मैत्रीण प्रेमिला आलूपोह्यांचं पातेलं घेऊन मधोमध बसली आणि एकेकीच्या हातावर वाढू लागली. गाणी सुरू झाली. मोठ्यानं, छातीतून, वर्षभराची गाणी. कोणीतरी खोकलं, कोणी म्हणालं ठसका लागला, पाणी द्या.

मी दारात उभी होते. पर्स काखेत, पर्समध्ये कागद, गळ्यात शिट्टी. एकदा मी शिट्टी ओठांपर्यंत नेली. एक फुंकर मारली असती तर सगळ्या उठून गेल्या असत्या. कुरकुरल्या असत्या, पण माझी शिट्टी मोडायची हिंमत त्या वस्तीत कोणात नाही. तेवढ्यात मिनल दाराशी आली आणि रस्त्याकडे मान उंच करून म्हणाली, "मॅडम, आई वळणावरून निघाल्या म्हणे. येतातच आता." तिच्या तोंडावर असा आनंद होता की मी शिट्टी खाली सोडली.

कांताबाईला यायला पुढचा पाऊण तास लागला. लंगडत, घामानं चिंब, एका हातानं गुडघा धरून. आम्हा सगळ्यांना पाहून ती वैतागली. "अवं पोरीहो, घरी जाच ना! कायले थांबल्या इतक्या येळ?" सगळ्या हसल्या. मिनलनं तिचा हात धरला आणि एकशे तीस जणींनी मिळून फीत ओलांडली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात एकीचा गाल दुसरीच्या गालाला लागलेला आहे आणि एकाही तोंडावर मास्क नाही. चुन्याच्या गोलांचा फोटो त्यांनी छापला नाही.

पाचव्या दिवशी मिनलला ताप आला. त्याच आठवड्यात वस्तीत कितीतरी घरांतून खोकल्याचे आवाज यायला लागले, आणि महिना संपायच्या आत अख्खं नागपूर पुन्हा बंद झालं. दोन मार्चला मिनल गेली. प्रेमिला एप्रिलमध्ये गेली. धावलेल्यांपैकी आणखी दोघी गेल्या, आणि त्या जो ताप घरी घेऊन गेल्या त्यानं किती सासरे, किती नवरे गेले हे कोणी विचारत बसलं नाही. तेव्हा सगळीकडेच होता, आपल्याच शर्यतीतून आला कशावरून, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे. मोठ्यानं म्हणत असे. कांताबाईला दोन दिवस घसा दुखला, बस.

प्रेमिलाबद्दल मी फार लिहू शकत नाही. तिनं माझ्यासाठी तीस वर्षं पोहे केले आणि मी तिला दवाखान्याच्या फाटकाबाहेरून हात केला. तिला तो दिसला की नाही तेही मला माहीत नाही.

मिनलला पोचवून अश्विन एकटाच परत आला. जवळ फक्त दोघांना जाऊ देत होते. मी माझ्या दारात उभी होते. कांताबाई अंगणात पाण्याची बादली घेऊन थांबली होती, त्यानं हातपाय धुवावे म्हणून. त्यानं बादलीला हात लावला नाही.

"तुह्यासाठी थांबली ते," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "तासभर त्या खोलीत बसून राहिली. गुडघा दुखत होता तं घरी नाही बसता आलं तुले?"

कांताबाई म्हणाली, "खरं हाये बापू तुहं." एवढंच. त्यानंतर अश्विन आईशी बोलला नाही. एका घरात, एका चुलीवरचं जेवून, एक शब्द नाही. काही हवं असलं तर संबोधीला सांगायचा, आजीला सांग म्हणून.

आणि त्या दिवशी मी काय केलं? मी घरात गेले, पर्समधून कागद काढला आणि पाणी तापवायच्या बंबात घातला. कोणी मागितला नव्हता. कोणी विचारलंही नव्हतं. तरी घातला, आणि तो पूर्ण जळेपर्यंत तिथेच उभी राहिले. मला माझी नोकरी दिसत होती, पोलीस दिसत होते, आणि सगळ्यात जास्त दिसत होतं ते वस्तीनं मला मॅडम म्हणायचं सोडून दिलेलं.

आमच्या वस्तीची एक रीत आहे. कोणाच्या डोक्यावर दोष आला की बाकीचे येऊन तो थोडाथोडा आपल्याकडे ओढून घेतात. कोणाचं लेकरू नापास झालं तर शेजारीण येऊन म्हणते, माझ्याच घरचा टीव्ही मोठ्यानं लागला होता. खरं नसतं ते, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, पण ऐकून बरं वाटतं. कांताबाई अन्नाला शिवत नाही हे कळल्यावर बायका एकेक करून तिच्याकडे येऊ लागल्या. सरिता आली आणि म्हणाली, "मावशी, मले आदल्या दिवशीच अंग गरम होतं. गोळी खाऊन आली होती मी." सरिताचा ताप मी स्वतः मोजला होता, ठणठणीत होती ती. सुभद्रा म्हणाली, खिडक्या मीच लावल्या. सुभद्राचा हात त्या खिडकीपर्यंत पोचतसुद्धा नाही. कामिनी म्हणाली, मी कामठीच्या लग्नातून आजार घेऊन आली. असं लग्नच झालेलं नव्हतं. मार्च, एप्रिल, मे, बायका येत राहिल्या. अश्विन खाटेवर बसून सगळं ऐकायचा, आणि प्रत्येक बाईगणिक त्याचा चेहरा आणखी आवळत जायचा.

मी रोज डबा घेऊन जायचे. वरण-भात, कधी ज्वारीची भाकर, मऊ करून. तिच्याजवळ बसायचे. ती दोन घास खाऊन ताट सरकवायची. ब्लाउजच्या बाह्या तिच्या दंडावर लोंबायला लागल्या होत्या. मी म्हणायचे, "मावशी, यात कोणाचा दोष नसतो." सगळ्या वस्तीनं तिच्यासमोर खोटं सांगितलं, पण ते खोटं दयेचं होतं. माझं हे एक वाक्य मात्र हलकट होतं, आणि ते मी रोज, जेवणाबरोबर, तिला वाढत होते.

जूनमध्ये कळलं की अश्विनला खापरखेड्याला काम मिळालं, राहायला खोलीही. मिनलचं माहेर तिथंच. तो संबोधीला घेऊन चालला होता. आईला नेण्याचं नाव नव्हतं. कांताबाई तीन महिने जगली होती ती त्या पोरीच्या ओढीनं. तिला भरवताना स्वतःच्या तोंडात जायचा तोच काय घास. पोरगी गेली की ही बाई उरणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. सरितानं त्याला समजावून पाहिलं, विहारातल्या लोकांनी समजावलं. तो म्हणायचा, "तिच्याकडे पाहिलं का मले मिनल दिसते. मी काय करू?"

हे थांबवू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते रोज डबा घेऊन त्या घरात जात होतं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी चारला मी गेले. अश्विन सामान बांधत होता. कांताबाई भिंतीला टेकून बसली होती, संबोधी तिच्या मांडीवर झोपलेली. मी उभी राहूनच बोलले, बसले असते तर बोललेच नसते.

"अश्विन, हातातलं ठेव आणि ऐक. मिनल तुझ्या आईमुळे गेली नाही. माझ्यामुळे गेली."

त्यानं दोरीची गाठ मारली. "बसा ना मॅडम."

"मला बसायचं नाही. परवानगीच्या कागदावर अट होती. सहावी. पोचलेल्या बाईनं न थांबता घरी जायचं, बंद जागेत जमायचं नाही. मी वाचली होती. मी कोणाला सांगितली नाही. शिट्टी माझ्या गळ्यात होती, आणि मी वाजवली नाही. तुझी आई धावायला तयार नव्हती, तिलाही मीच ओढलं."

त्यानं दोरी खाली ठेवली. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, आता हा माझ्या अंगावर येणार. यावं असंच मला वाटत होतं. पण तो म्हणाला, "मॅडम, तुमी लय चांगल्या हा."

"अरे, मी खरं सांगते आहे."

"सरिता मावशीनं गोळी खाल्ली होती. सुभद्रा मावशीनं खिडक्या लावल्या. कामिनी काकू लग्नाले गेल्ती. आता तुमी. माह्या मायचं मन राखासाठी सगळी वस्ती खोटं बोलून राहिली, मले काय समजत नाही?"

"कागद होता, अश्विन!"

"कुठं हाये मंग?"

"जाळला मी."

तो हसला, अगदी प्रेमानं हसला. "तुमी? तुमी कागद जाळला? मॅडम, रेषेच्या बाहेर बोट गेलं तं तुमी माणसाले परत पाठवता. अशी अट असती तं तुमी पाळली नसती? एकशे तीस गोल आखले तुमी त्या दिवशी. मी पाहून राहिलो होतो ना." त्यानं माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या मैत्रीणबाई बी गेल्या. स्वतःले तरास नका करून घेऊ."

मी ओरडले. ठाण्यातून नक्कल आणते, चार दिवस थांब म्हटलं, शपथ घेतली, ती अट शब्दन् शब्द म्हणून दाखवली. जितकं जास्त बोलत गेले तितकी त्याला माझी दया येत गेली. संबोधी जागी होऊन रडायला लागली. तो तिला खांद्यावर घेऊन बाहेर फिरवायला गेला.

खोलीत आम्ही दोघीच राहिलो. कांताबाईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की हिनं विश्वास ठेवला आहे. एकटीनं.

"खरं हाये ना हे?" ती म्हणाली.

"हो, मावशी."

"तू शिट्टी तोंडाले लावली होती. मिनल सांगे, दवाखान्यात जायच्या आधी. म्हणे मॅडम वाजवणार होत्या, मंग नाही वाजवली. मले वाटलं, अशीच लावली असीन." ती बराच वेळ पदराच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "तू रोज आली वं. नव्वद-शंभर दिवस आली. माह्या जवळ बसली, मले घास खाताना पाहिलं. मार्चमंधी सांगितलं असतं तं त्यानं ऐकलं असतं. कोणी आलं नव्हतं तवा. तुह्या तोंडून पहिले आलं असतं तं पोरगा माह्याशी बोलला असता."

मी तिच्या पायाशी बसले. मला रडायचा हक्क नव्हता तरी रडू आलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि मला दूरही लोटलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "ऊठ. पोट्टी येईन आता. तिच्यासमोर नको."

"मी उद्या परत सांगते त्याला. विहारात सगळ्यांसमोर सांगते."

"नको. तो मानणार नाही, अन् लोक तुहे पाय धरतीन. ते पाहाची ताकद मले नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टेम्पो आला. गल्लीतले सगळे दारांत उभे होते. सामान चढलं. संबोधीला मागच्या गाठोड्यांवर बसवलं तेव्हा तिनं हात लांब केले आणि म्हणाली, "आजी, तू बी ये ना." कांताबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "येतो हं बाई, मांगून येतो." अश्विन तिच्यासमोरून गेला. इतका जवळून, की तिनं त्याच्या शर्टाला हात लावायचा म्हटला तर लागला असता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. गल्ली ओलांडून तो माझ्या दाराशी आला.

"जयभीम मॅडम," तो म्हणाला. "कालचं मी नाही विसरणार. सख्खी लेक बी करत नाही मायसाठी इतकं." आणि गल्लीतल्या सगळ्यांदेखत, कांताबाईदेखत, तो वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला.

मला पाय मागे घेता आले असते. मी घेतले नाहीत.